वेद पळवणाऱ्याची भाषा

दशावतार नावाच्या नाट्यात दहा अवतार दिसत नाहीत. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यात जत्रेच्या रात्री देवळापाशी होणारा हा खेळ दोन भागांचा असतो: आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, आणि मग पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालणारे पौराणिक आख्यान. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात. अवतारकथा म्हणावी अशी मात्र एकच घडते. शंखासुराने वेद पळवले आणि विष्णूने त्याला मारून ते परत आणले, ही मत्स्यावताराची कथा. तेव्हा या नाट्याचा विचार या दैत्यापासूनच सुरू व्हायला हवा. आपण मात्र त्याला ओलांडून आख्यानाकडे जातो.

लोक त्याला संकासुर म्हणतात. काळा वेष, झाकलेला चेहरा, बाहेर लोंबणारी लांब जीभ. लहान मुले आईला बिलगतात. पण तो तोंड उघडतो आणि हशा पिकतो, कारण तो मालवणीत बोलतो. आख्यानातले राजे आणि ऋषी भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. तिथेही एखादे विनोदी पात्र बोलीत बोलते, पण ते चाकराचे असते. संकासुर तर साक्षात विष्णूचा प्रतिस्पर्धी. तो प्रत्येक प्रश्नाचा वाकडा अर्थ लावतो, गावातल्या ताज्या भानगडींवर बोट ठेवतो, पुढे बसलेल्या मानकऱ्यालाही सोडत नाही.

याची दोन स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. एक, प्रेक्षक जमेपर्यंतचा हा विरंगुळा. पण विरंगुळ्यासाठी कोणतेही सोंग चालले असते. वेद पळवणाराच कशाला? दुसरे, वेदांपासून दूर ठेवलेल्यांचे हे बंड. मी स्वतः अनेक वर्षे हेच मानत होतो, लिहिलेही. पण हे स्पष्टीकरण शेवटापर्यंत जात नाही. संकासुर मारला जातो आणि क्षणापूर्वी त्याच्याबरोबर हसलेला गाव विष्णूपुढे हात जोडतो. बंडाचा सिद्धान्त टिकवायचा तर तो नमस्कार खोटा ठरवावा लागतो. तो खोटा नसतो. मी त्या गर्दीत बसलेलो आहे.

मला उत्तर सापडले ते आख्यान उभे कसे राहते हे पाहताना. दशावतारात परंपरेने लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी कथेचा आराखडा ठरतो. संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. देव, राजा, राक्षस, प्रत्येकाला आपली बाजू शब्दांनी लढवावी लागते आणि धर्म कोणता हे त्या वादातून पुढे येते. संकासुर या रीतीचा श्रीगणेशा करतो. आज रात्री देवालाही उलट प्रश्न विचारता येईल, तोही आपल्या बोलीत, हे तो गावाला दाखवून देतो. त्यानंतर मोठ्या मराठीतले आख्यान परके वाटत नाही.

हा प्रवेश इतका लांबवता का, असे मी एका वृद्ध दशावतारी नटाला विचारले होते. ते म्हणाले, "तेका मारूचोच आसा. पण घाय कित्याक?" माझ्या सिद्धान्तापेक्षा या उत्तरात जास्त शास्त्र होते. मरण ठरलेले आहे, पण तोवरचा वेळ त्याचा आहे.

तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका नाट्यगृहात अडीच तासांचा दशावतार पाहिला. ट्रिकसीन होते, प्रकाशयोजना होती, गाणी उत्तम झाली. संकासुर नव्हता. आयोजकांनी वेळेचे कारण सांगितले आणि ते खरेही आहे. नाट्यगृह पहाटेपर्यंत मिळत नाही. पण आख्यानातले संवाद भाषणांसारखे ऐकू आले. वाद गेला होता, उपदेश राहिला होता. टाळ्या मिळाल्या, प्रेक्षकांतून एकही उलट शब्द आला नाही. पूर्वरंग हा निव्वळ विधी आणि आख्यान हे खरे नाटक, अशी विभागणी करणाऱ्या आम्हा अभ्यासकांचाही या काटछाटीत वाटा आहे. विधी म्हटला की तो आटोपता येतो.

आता जत्रांचे दिवस येतील. कोकणात जाणार असाल तर आख्यानाची वेळ धरून पोचू नका. आधी जा, पुढे बसा, आणि संकासुराने तुमची फिरकी घेतलीच तर त्याला उत्तर द्या.