मांगरची अश्महत्यारे : पुरावा आणि दावा

२०२१ साली मानेसरच्या पूर्वेला, फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी परिसरातून अश्महत्यारे नोंदवली गेली. बातम्यांत ‘एक लाख वर्षे’ हा आकडा ठळकपणे आला. विद्यार्थ्यांनी येथे दोन दावे वेगळे करावेत.

पहिला दावा : दगड माणसाने घडवला आहे. आघातस्थल, त्याखालचा फुगीर आघातकंद आणि एकाच दिशेने काढलेल्या छिलक्यांचे ओळीने खळगे दिसले, तर तो बळकट ठरतो. एखादा सुटा छिलका मात्र पुरेसा नाही. अरवलीचा क्वार्टझाइट खाणीतील सुरुंगाने आणि खडी-क्रशरनेही तसाच फुटतो. ताजी, न झिजलेली कड दिसल्यास शंका घ्या.

दुसरा दावा : त्याचे वय. तो केवळ आकारावर टिकत नाही, कारण हातकुऱ्हाडी लाखो वर्षे घडवल्या जात होत्या. पुणे जिल्ह्यातील बोरी येथे हत्यारांसोबत ज्वालामुखीय राखेचा थर असूनही तिचे वय कोणी सुमारे १४ लाख, तर कोणी ७५ हजार वर्षे मानले. मग पृष्ठभागावरच्या दगडाबद्दल किती सावध राहावे?

थोडक्यात, मांगरचे महत्त्व निर्विवाद आहे. आकडा मात्र अद्याप अनुमान आहे. तुम्हाला असा दगड दिसला तर उचलू नका. जागेची नोंद करा, मोजपट्टीसह छायाचित्र घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हलवलेला दगड अर्धा पुरावा गमावतो.