एस्तेर : सणाची गोष्ट पवित्र कशी झाली?

आज आपण हिब्रू बायबलमधल्या एका अडचणीच्या पुस्तकाकडे वळू. एस्तेरचं पुस्तक. इराणच्या राजाचा प्रधान हामान चिठ्ठ्या टाकून यहुद्यांच्या संहाराचा दिवस ठरवतो. राणी एस्तेर, जी स्वतः यहुदी आहे, आणि तिचा चुलतभाऊ मर्दखय तो बेत उलटवतात. चिठ्ठीला तिथे शब्द आहे ‘पूर’. त्यावरून सणाचं नाव पुरीम. गोष्ट रंगतदार खरी, पण हिब्रू पाठात देवाचं नाव एकदाही येत नाही! मग ती धर्मग्रंथात आली कशी?

सहज आली नाही. कुमरानच्या गुहांत १९४७पासून सापडलेल्या हस्तलिखितांत एस्तेरचा एकही तुकडा नाही. ग्रीक रूपात प्रार्थना घालून, देवाचं नाव आणून ही उणीव भरून काढलेली दिसते. तालमुदमध्ये तर एस्तेरच पंडितांना निरोप धाडते, माझा दिवस पुढच्या पिढ्यांसाठी कायम करा. पंडित कचरतात, इतरांचा रोष ओढवेल, म्हणतात.

नेहमीचं उत्तर असं, की लोक सण पाळतच होते, म्हणून पुस्तक स्वीकारावं लागलं. आम्हांला हे अपुरं वाटतं. हनुक्काही लोकांचा आवडता सण. पण त्याची हकीकत सांगणारी मक्काबींची पुस्तकं हिब्रू बायबलमध्ये नाहीत. मग फरक कुठे? हनुक्काला दिवे लावतात. पुरीमला मात्र गुंडाळीवरून एस्तेर वाचतात, रात्री एकदा आणि दिवसा पुन्हा. म्हणजे बघा, इथे वाचन हाच विधी आहे. पुस्तक बाजूला ठेवलं तर सणच पार पडत नाही. कारणं आणखीही असतील, पण हे आम्हांला कळीचं वाटतं.

आता याची दुसरी बाजू. नवव्या अध्यायात यहुद्यांनी ७५,००० शत्रू मारल्याचं लिहिलं आहे. हा आकडा इतिहास म्हणून घ्यायचं कारण नाही. पण पवित्र ठरलेल्या पुस्तकातून तो गाळताही येत नाही. दर वर्षी वाचावा लागतो. समाजानं वाचून वाचून पुस्तक पवित्र केलं असेल, तर त्याच्या अर्थाची जबाबदारीही वाचणाऱ्यांवरच येते. हामानचं नाव आलं, की खुळखुळे वाजवून ते बुडवतात. त्या आकड्यापाशी मात्र कुणी आवाज करत नाही. निदान आपण तिथे क्षणभर थांबू.