अंगण, कुरण आणि उसाचा फड : ‘कोसबाडच्या टेकडीवरून’चे एक पुनर्वाचन

अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आपण बहुधा एका बालविधवेच्या जिद्दीची कहाणी म्हणून वाचतो. हे वाचन चुकीचे नाही. मात्र त्यामुळे त्यातील शिक्षणविचार व्यक्तिगौरवाच्या आड जातो. त्यागाची स्तुती केली की विचाराची चिकित्सा करण्याची गरज उरत नाही, असा आपल्याकडे जणू समजच आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची तपासणी ढोकी (जि. धाराशिव) येथील साखर कारखान्याच्या परिसरातून केली आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. येथे अंगण त्या कुटुंबांचे होते. म्हणजे गरीब पालक मदतीचे याचक नव्हे, तर शाळेचे यजमान ठरले. लोकसहभागाचा हा अर्थ आजच्या शासकीय अहवालांतून हरवला आहे. पुढे कोसबाडला वारली मुले गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. पालकांच्या अनास्थेला दोष न देता श्रमाच्या वेळापत्रकाप्रमाणे शाळा बदलणे, हे या प्रयोगाचे खरे मोल होय.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले, परंतु कुरण मागेच राहिले. तेरणा कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीच्या परिसरात ऊसतोड अपरिचित नाही, आणि याच जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हंगामात परमुलखात तोडीला जातात. तोडणीच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यात मूल कोठेच नाही. कोपीला अंगण नसते. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत आणि त्याच्याजवळ राखणीला आठ-नऊ वर्षांची बहीण! साखरशाळांनी प्रामुख्याने शालेय वयाचा विचार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. त्याखालील वयासाठी २००२ च्या घटनादुरुस्तीनंतरही राज्याने ‘प्रयत्न’ करावेत एवढीच अपेक्षा आहे. २०२१ पासूनच्या पोषण ट्रॅकरमुळे बालकाची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकते. झोळीजवळ बसणारे माणूस मात्र तिच्याबरोबर जात नाही.

या आत्मकथनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या १९४५ साली बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच वर्षी त्याच टापूत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये तो येतो. अनुताईंच्या लेखनाच्या केंद्रस्थानी मूल आहे, मजुरीचा प्रश्न नाही. परुळेकरांकडे नेमके उलट. अभ्यासक्रमात हे दोन ग्रंथ क्वचितच शेजारी ठेवले जातात. फडावरचे मूल मात्र दोहोंच्या मधोमध आहे, कारण मुकादमाची उचल फिटेपर्यंत आईला झोळीकडे वळून पाहण्याची सवड नाही. अंगणवाडी सेविकेने कुरणशाळेप्रमाणे फडावर जावे, असे सुचविणे सोपे आहे. परंतु तिला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते.