पन्हाळ्यावरचे दुकानदार

सुटीच्या दिवशी पन्हाळ्यावर विनामोबदला गड समजावून सांगणारी मंडळी भेटतात. काही वर्षे मीही त्यांतलाच एक होतो. म्हणून ही टीका आधी माझ्यावर आहे.

आमचे कथन साच्यातले असे. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी. मग १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू. श्रोत्यांचे डोळे पाणावले की आमचे काम झाले. राजापूरच्या इंग्रजांना एकच वाक्य मिळे : त्यांनी सिद्दीला तोफ पुरवली.

एकदा एका शाळकरी मुलीने विचारले, "ते तर दुकानदार होते ना? मग लढायला कशाला आले?" मी विषय बदलला. शाहूपुरीत, गुळाच्या अडतीत वाढलेल्या माणसाने हे टाळावे, याची आजही लाज वाटते.

उत्तर कठीण नव्हते. हेन्री रेव्हिंग्टन हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख. आदिलशाहीची मर्जी राखणे ही त्याच्या व्यापाराची गरज. तोफ हे त्या सौद्यातले माप. म्हणूनच १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरावर चाल करून वखारवाल्यांना कैद केले. ही हकिकत गाळली, तर ती स्वारी नुसती लूट वाटते.

कॅनडातल्या थंडर बे येथे फोर्ट विल्यम हे कातड्यांच्या व्यापाराचे ठाणे पुन्हा उभारले आहे. जुन्या पोशाखातली माणसे तिथे व्यापारच समजावून सांगतात. कातड्यांची एक गाठ ९० पौंडांची, म्हणजे सुमारे ४१ किलोंची. नावाडी अशा दोन गाठी पाठीवर घेऊन डोंगरवाट तुडवत. हे ऐकताना मला आमच्या पेठेतला गुळाचे रवे वाहणारा हमाल दिसतो. अर्थात, प्राणी पकडणाऱ्या मूळ रहिवाशांविषयी बोलले नाही, तर तेही कथन अपुरेच.

वेढा म्हणजे रसद तोडणे. तेव्हा कथनाची सुरुवात अंबरखान्यापासून करावी : हे धान्य कोणी पिकवले, कोणाच्या बैलांनी गडावर आणले, कोणी मापले? बाजीप्रभूंचे मोल त्याने उणे होत नाही. ते कशासाठी लढले, हे मात्र नीट कळते.

त्या मुलीला मी हे सांगायला हवे होते.