अंगठी नष्ट झाल्यानंतरची सहा प्रकरणे

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे एकूण सहा भाग आहेत. छापताना ते तीन खंडांत बसवले गेले. सहाव्या भागात नऊ प्रकरणे आहेत. ज्या अंगठीपायी हजारभर पानांचा खटाटोप चालतो, ती या भागाच्या तिसऱ्याच प्रकरणात ज्वालामुखीत पडते. शत्रू कोसळतो, युद्ध संपते, आणि तरी सहा प्रकरणे उरतात. पीटर जॅक्सन यांनी २००३ मध्ये केलेल्या तिसऱ्या चित्रपटाची लांबी २०१ मिनिटे आहे. त्यात या सहा प्रकरणांच्या वाट्याला शेवटची वीस-पंचवीस मिनिटे येतात. गंमत अशी की तेवढीही प्रेक्षकांना फार वाटली. ‘शेवट संपतच नाही’ ही या चित्रपटाबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार आहे. अकरा नामांकने आणि अकराही ऑस्कर मिळवूनही ती मिटलेली नाही.

माझे म्हणणे उलट आहे. शेवट लांबल्यासारखा वाटतो, कारण त्याच्यातून त्याचा कणा काढून घेतला आहे. राज्याभिषेक, निरोप, घरवापसी, पुन्हा निरोप असे प्रसंग एकामागून एक येत राहतात, पण ते कशासाठी, याचे उत्तर ज्या प्रकरणात होते ते प्रकरणच चित्रपटात नाही. ते आठवे प्रकरण. त्यात चार हॉबिट आपल्या गावी, शायरमध्ये, परत येतात आणि त्यांना आपले गाव ओळखू येत नाही.

युद्धानंतरही ग्रंथ चालू राहतो याचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी युद्ध दहाव्यात, त्या रात्रीच्या कत्तलीसह, आटोपते. पुढे आठ पर्वे आहेत. बायकांचा विलाप, राज्य कसे करावे याचा न संपणारा उपदेश, म्हाताऱ्यांचे वनात जाणे, यादवांचा आपसांत नाश. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ वाचलेल्यांना सांगायला नको की जिंकलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे जिंकण्याइतकाच महत्त्वाचा मानला गेला आहे. टोल्किनची तुलना मी व्यासांशी करत नाही, पण ती सहा प्रकरणे पहिल्यांदा वाचताना मला परके वाटले नाही, ते बहुधा यामुळेच.

इंग्रजी साहित्याचे रीतसर शिक्षण मला नाही. विशीत असताना शब्दकोश शेजारी ठेवून, झाडांच्या आणि गवतांच्या नावांपाशी अडखळत मी ही कादंबरी वाचली आणि नंतर अनेकदा वाचली. म्हणून चित्रपटाबद्दल बोलताना मी तटस्थ समीक्षक आहे असा आव आणत नाही. मी चाहता आहे. पण चाहत्यांची एक खोड मला मान्य नाही. ते मूळ पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून गाळलेल्या गोष्टींची यादी करतात आणि यादी लांबली की चित्रपट नापास करतात. टॉम बॉम्बाडिल गाळला म्हणून गळे काढणारे लोक मला भेटले आहेत. तो गाळला हे बरेच झाले. पडद्यावर तो पाच मिनिटेही निभावला नसता. ग्लोरफिंडेलच्या जागी नदीच्या उतारावर आर्वेन आली, त्यानेही काही बिघडले नाही.

गाळणे हा गुन्हा नाही, असे खुद्द लेखकानेच म्हटले होते. १९५७-५८ मध्ये एका अमेरिकन मंडळीने या कादंबरीची पटकथा टोल्किनकडे पाठवली होती. ती वाचून त्यांनी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि ती मोठी बोलकी आहेत. सगळेच थोडे थोडे कोंबण्यापेक्षा काही भाग सरळ वगळावेत, असे त्यांचे मत होते. त्यांचा राग वगळण्यावर नव्हता. पात्रांचे स्वभाव आणि कथेचा गाभा न समजता केलेल्या बदलांवर होता. ही फूटपट्टी मला न्याय्य वाटते. जॅक्सन यांना मी तीच लावतो.

तिने मोजले तर पुष्कळ ठिकाणी ते उत्तीर्ण होतात. न्यूझीलंडमध्ये माटामाटाजवळच्या एका शेतावर हॉबिटांची वस्ती उभारताना त्यांनी कुंपणाची झुडपे आणि भाजीपाला चित्रीकरणाच्या सुमारे वर्षभर आधी लावला, म्हणजे ती जागा राहती वाटावी. पडद्यावर ती तशी वाटतेही. दिग्दर्शकाला शायर समजले होते याचा हा पुरावा आहे, आणि माझी तक्रार म्हणूनच अधिक तीव्र आहे. बोरोमिरच्या बाबतीत तर चित्रपट पुस्तकाच्या पुढे जातो. पुस्तकात त्याची शेवटची लढाई आपल्याला दिसत नाही. शिंग ऐकू येते आणि ॲरागॉर्न पोचतो तेव्हा तो झाडाला टेकून मरणपंथाला लागलेला असतो. पहिल्या चित्रपटाने ती लढाई दाखवली आणि शॉन बीनने त्या दुबळ्या, भल्या माणसाला जे रूप दिले, त्यानंतर पुस्तक वाचताना मला त्याचाच चेहरा दिसतो.

त्याचा धाकटा भाऊ फारामिर मात्र वाया गेला. पुस्तकात अंगठी हाताच्या अंतरावर असताना तो ती नाकारतो. चित्रपटात तो फ्रोडोला कैद करून ऑस्गिलियाथपर्यंत फरफटत नेतो आणि मग सोडतो. पटकथाकारांचे स्पष्टीकरण असे की अंगठीची भुरळ इतकी रंगवल्यावर कोणी ती सहज नाकारली तर तिचा धाक उरणार नाही. नाट्याच्या हिशेबाने हे बरोबर आहे. पण त्या हिशेबात मोहाला आधीच नाही म्हणून बसलेला माणूस बसत नाही. अशी माणसे कमी असतात म्हणून ती अशक्य ठरत नाहीत. असो.

याहून गंभीर बदल ज्वालामुखीच्या तोंडाशी आहे. पुस्तकात फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो. तो अंगठी टाकायला नकार देतो आणि ती बोटात घालतो. गॉलम ते बोटच चावून तोडतो, आनंदाने नाचू लागतो आणि तोल जाऊन पडतो. नायक जिंकलेलाच नसतो. जग वाचते ते गॉलम तोवर जिवंत राहिला म्हणून, आणि तो जिवंत राहिला कारण आधी बिल्बोने, मग फ्रोडोने, आणि अगदी अखेरीस डोंगराच्या चढावर सॅमने त्याला मारले नाही. सॅमचे ते थांबणे मला कादंबरीचा कळस वाटते. तोवर त्याने स्वतः थोडा काळ अंगठी बाळगलेली असते. समोरच्या किड्यासारख्या जिवाला काय भोगावे लागले ते त्याला प्रथमच कळते आणि तलवार चालत नाही. चित्रपटात तिथे झटापट आहे, सॅमचा वार आहे; दयेला जागाच नाही. पुढे कड्यावर फ्रोडो उठून गॉलमशी झोंबतो आणि दोघे कड्यावरून जातात. आधी चित्रित केलेल्या प्रसंगात तर फ्रोडो त्याला सरळ ढकलत होता. तो खून वाटेल म्हणून बदलला गेला. आताचा प्रसंग ढकलणे आणि घसरणे यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळतो. अखेरच्या क्षणी नायकाच्या हातून काहीतरी घडलेच पाहिजे, असा या माध्यमाचा आग्रह. टोल्किनने पत्रांतून आवर्जून सांगितले होते की त्या जागी कोणाचीही इच्छाशक्ती टिकली नसती आणि म्हणून फ्रोडोचे हरणे हे त्याचे नैतिक अपयश नव्हे.

आता शायर. चौघे पुलापाशी पोचतात तेव्हा फाटक बंद असते. आत भिंतीवर नियमांची यादी लावलेली. खानावळी बंद, बिअर बंद, धान्य ‘वाटपासाठी’ गोळा करून नेले जाते आणि वाटले जात नाही. टोपीत पीस खोवलेले शिपाई कितीतरी पटींनी वाढलेले, आणि त्यांतले काही ओळखीचेच. झाडे विनाकारण तोडलेली. जुनी गिरणी पाडून मोठी बांधलेली, तिच्यातून ओढ्यात घाण सोडली जाते. ज्या टेडचा बाप त्या जागी स्वतःच्या गिरणीचा मालक होता, तो टेड आता परक्यांची चाके पुसतो आणि वर मिजास दाखवतो.

हे सैन्याने केलेले नाही, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. लोथो नावाचा गावातलाच, फ्रोडोच्या नात्यातला एक मनुष्य आधी तंबाखू बाहेर विकून पैसा करतो, मग गिरण्या, खानावळी, शेते विकत घेत सुटतो, मग त्याच्या मदतीला बाहेरची माणसे येतात, आणि एक दिवस ती त्यालाच गुंडाळून ठेवतात. सारुमान सर्वांत शेवटी येतो. आधी जमिनी कोण घेतो आणि मागून कोण येतो, हा क्रम आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. मोर्डोरचा अंधार दूरच्या देशातून चालून आला होता. शायरमध्ये तो खरेदीखताने आला.

टोल्किनचा हा प्रसंग महायुद्धानंतरच्या इंग्लंडवर बेतलेला आहे, असे अनेकांना वाटत होते. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ते नाकारले. मुळे आणखी मागची आहेत, असे ते सांगतात: लहानपणी ज्या परिसरात ते राहिले, तो ते दहा वर्षांचे होण्याआधीच उद्ध्वस्त होऊ लागला होता. हा परिसर म्हणजे बर्मिंगहॅमजवळचे सेअरहोल, तिथली गिरणी आणि तिचे तळे. त्याच प्रस्तावनेत पहिल्या महायुद्धाचा उल्लेख आहे. १९१६ मध्ये ते सोमच्या लढाईत होते, आणि १९१८ पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मेले होते.

हे लक्षात ठेवून चित्रपटातला पर्यायी प्रसंग पाहावा. चौघे हॉबिट आपल्या जुन्या खानावळीत बसले आहेत. गाव जसेच्या तसे. कोणीतरी भलामोठा भोपळा घेऊन येतो, सगळ्यांचे लक्ष तिकडे. या चौघांकडे कोणी बघतही नाही. ते एकमेकांकडे पाहतात आणि न बोलता पेले उचलतात. हा प्रसंग उत्तम आहे, हे मी चाहता असूनही कबूल करतो. खंदकांतून घरी परतलेल्या कित्येक तरुणांना गाव असेच भेटले असेल: काहीच न बदललेले, काहीच न समजलेले. टोल्किनचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच दैनिकाला मुलाखत देताना, या चित्रपटांनी पुस्तकाची आतडी काढून पंधरा ते पंचवीस वयोगटासाठी हाणामारीपट बनवला, अशा अर्थाचे विधान केले होते. पित्याची हस्तलिखिते लावण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचा तो संताप मी समजू शकतो, पण खानावळीच्या त्या अर्ध्या मिनिटाला हे विधान लागू पडत नाही.

तरीही किंमत मोजावी लागली आहे. चित्रपटातले शायर वीरांनी दूर राहून वाचवलेले गाव आहे. पहिल्या भागात गॅलाड्रिएलच्या आरशात फ्रोडोला ते जळताना दिसते, पण ते केवळ टळलेले संकट ठरते. पुस्तकात असे सुरक्षित आवार कुठेच नाही. गँडाल्फ वाटेतच निरोप घेतो. तुमच्या गावचे तुम्हीच बघा, म्हणतो. चौघे बघतातही. बायवॉटरच्या लढाईत एकोणीस हॉबिट मरतात, आणि त्यांची नावे गावात पाठ केली जातात. मेरी आणि पिपिन लढतात, पण फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना मारू नका, एवढेच सांगत तो गर्दीतून फिरतो. सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो, तरी तो त्याला सोडून द्या म्हणतो. मोर्डोरमध्ये जी दया सॅमने शिकली, ती इथे स्वतःच्या दारात, स्वतःचे घर लुटणाऱ्यासमोर पुन्हा वापरावी लागते. चित्रपटाने ही दोन्ही टोके कापली, म्हणून मधला फ्रोडो नुसता दुःखी दिसतो.

सॅमला गॅलाड्रिएलने दिलेली भेटही बदलली. चित्रपटाच्या लांब आवृत्तीत ती दोर देते. दोर उपयोगी वस्तू आहे, पण पुस्तकात दोराखेरीज एक लहानशी लाकडी पेटी आहे: तिच्या बागेतली माती आणि एक बी. सॅम तोडलेल्या लाडक्या झाडांच्या जागी रोपे लावतो आणि मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो. उरलेली शायरच्या मध्यावरून वाऱ्यावर सोडतो. पुढचे वर्ष, १४२०, असे पिकते की म्हातारे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची आठवण काढतात.

फ्रोडोची जखम भरली नाही, हे चित्रपटातही आहे. तो ते सॅमला सांगतो. पुस्तकात मात्र सुरुवातीला तो सांगत नाही. त्या भरभराटीच्या वर्षात तेरा मार्चला तो आजारी पडतो आणि शेतकरी कॉटनला तो बिछान्यावर गळ्यातला मणी घट्ट धरून पडलेला दिसतो. सॅमला पत्ता नसतो. तो त्या दिवसांत झाडे लावायला दूर गेलेला असतो, आणि परत येईपर्यंत फ्रोडो उठून बसलेला असतो.