करवीरचीं तळीं व त्यांच्या कांठच्या वस्त्या

शहरांतील तळ्याकांठच्या वस्त्यांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे प्रथम एक दंतकथा सांगावयाची व मग तीस एखाद्या प्रसिद्ध राजाचें नांव जोडावयाचें, असा प्रघात पडून गेला आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्याविषयीं जें वारंवार लिहिलें जातें तें याचें ठळक उदाहरण होय. म्हणून त्याची छाननी येथें करीत आहों.

एक कथा अशी कीं, रंकाळ्याच्या जागीं पूर्वीं दगडाची खाण होती. आठव्या-नवव्या शतकांत भूकंप होऊन ती खचली व पाण्यानें भरली. दुसरी अशी कीं, शिलाहार राजा गंडरादित्य यानें ३६० तळीं खोदविलीं, त्यांपैकीं हें एक. लेखक दोन्ही कथा एकाखालीं एक देतात. परंतु एकींत तळें आपोआप झालें व दुसरींत तें राजानें केलें, हा विरोध त्यांस जाणवत नाहीं. भूकंपाचें शतक सांगणारानें तें कोणत्या लेखावरून ठरविलें हेंही सांगितलें पाहिजे. ३६० ही संख्या तर मोजदादीची नसून वर्षाच्या दिवसांवरून आलेली दिसते.

गंडरादित्यानें तळें केलें याविषयीं मात्र शंका नको. शके १०३२ (इ. स. १११०) च्या तळाले येथील ताम्रपटांत, मिरिंज देशांतील इरुकुडी येथें त्यानें 'गंडसमुद्र' नांवाचें तळें करून त्याच्या कांठीं ईश्वर, बुद्ध व अर्हत् यांची स्थापना केली व त्यांस जमीन दिली, असें नमूद आहे. येथें तळ्याचें नांव आहे, स्थळ आहे, काळ आहे. पुरावा म्हणतात तो हा. परंतु तो गंडसमुद्राचा आहे, रंकाळ्याचा नव्हे. एका गांवची सनद दुसऱ्या गांवास लावून कसें चालेल?

तथापि परंपरा सर्वस्वीं टाकावी, असें आमचें म्हणणें नाहीं. वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान झालें. रावणेश्वर तळ्याच्या जागीं शाहू स्टेडियम झालें. कपिलतीर्थाच्या जागीं मंडई आली. पाणी गेलें, नांवें राहिलीं. आणि पावसाळ्यांत गांधी मैदानांत पाणी सांचतें तेव्हां नांवाची साक्ष जमीनच पुरी करिते. मात्र नांव तळें कोठें होतें इतकेंच सांगतें. तें कोणीं केलें, केव्हां बुजविलें, कांठीं कोण राहत, हें नांवास विचारून उपयोग नाहीं.

तें विचारावयाचें खरेदीखतांस, वाटणीपत्रांस, निवाड्यांस. ज्या कागदाच्या चतुःसीमेंत एका बाजूस तळें लिहिलें आहे, तो त्या सालीं तळें असल्याचा साक्षीदार होय. असे कागद सालवार लावले म्हणजे तळ्याचा पहिला व शेवटचा उल्लेख हातीं येईल, आणि घर देणाराघेणाराच्या नांवांवरून वस्ती कोणाची होती हेंही उमगेल.

परंतु आमचे संग्राहक राजकारणाचीं पत्रें तेवढीं वेंचतात आणि घराजागेचे कागद किरकोळ म्हणून रुमालांत तसेच कसरीस देतात. आमचा खरा आक्षेप दंतकथा लिहिणारापेक्षां या उपेक्षेवर आहे. तळीं बुजलीं तीं आतां परत येत नाहींत. त्यांच्या चतुःसीमा तरी वाचवाव्या.