लखुजी जाधवराव : ‘वतन’ आणि ‘जहागीर’ या शब्दांची गल्लत

उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद असो वा दक्षिणेचे सिंदखेडराजा, बुलढाणा जिल्ह्यात लखुजी जाधवरावांचा उल्लेख ‘सिंदखेडचे जहागीरदार’ असा सर्रास होतो. चरित्रकारही तोच शब्द स्वीकारतात, आणि मग 1621 मध्ये निजामशाही सोडून मोगलांकडे जाणारा व पुढे पुन्हा निजामशाहीकडे वळणारा हा सरदार त्यांना चंचल, क्वचित स्वार्थीही, भासू लागतो. या निवाड्याचा पाया एका शब्दाच्या ढिलाईवर रचलेला आहे, असे आमचे मत आहे.

‘जागीर’ हा फारसी समास आहे : ‘जा’ म्हणजे जागा, ‘गीर’ म्हणजे धरणारा. मराठीने त्यात ‘ह’कार घातला व शब्दाला नसलेला भारदस्तपणा आला. वस्तुतः जहागीर म्हणजे जमिनीचे स्वामित्व नव्हे. फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला तो महसूल होय. धनी रुष्ट झाला की ती जाई. 1086 च्या इंग्रजी ‘डूम्सडे’ नोंदवहीतही उमराव जमीन राजाकडून ‘धरतात’, असेच क्रियापद आहे. मात्र तेथील धारणा पुढे वंशपरंपरेने स्थिरावली, तशी जहागीर सहसा स्थिरावली नाही.

‘वतन’ची कथा निराळी. अरबीत त्याचा अर्थ जन्मभूमी, आणि उर्दूत तो आजही टिकून आहे. मराठीत मात्र घराचा हा शब्द हक्काचा झाला : देशमुखी, पाटीलकी, कुळकर्ण. तो हक्क वारशाने येई, भावाभावांत वाटला जाई, विकताही येई. 1715 च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांना वतनदारांची जी धास्ती वाटते ती उगीच नव्हे. राजे बदलत, वतनदार जागीच राहत.

आता लखुजींकडे पाहावे. ग्रँट डफने 1826 मध्येच त्यांना सिंदखेडचे देशमुख म्हणून, निजामशाहीकडून दहा हजार स्वारांसाठी असलेली जहागीर वेगळी नोंदवली होती. मोगलांकडे या कुटुंबाची एकत्रित मनसब 24,000 जात व 15,000 स्वार इतकी होती. हे आकडे चाकरीचे आहेत. धनी बदलताच ते बदलले. देशमुखी मात्र सिंदखेडासच होती. (मोगल दप्तरातील ‘वतन-जागीर’ या जोडशब्दाने गोंधळात भर घातली असावी.)

1629 च्या जुलैत दौलताबादेच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहाच्या दरबारी लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव मारले गेले. निजामशाहीतील चाकरी त्या दिवशी संपली. कुळातील जगदेवराव मोगलांकडे गेले, जाधवांची एक शाखा देऊळगावराजास नांदली, आणि लखुजींची समाधी सिंदखेडातच उभी राहिली. चाकरी फिरती आणि वतन स्थिर असलेल्या माणसाच्या निष्ठेचे मोजमाप करावयाचे, तर ती दरबाराकडे होती की गावाकडे, हा प्रश्न चरित्रकाराने आधी विचारावयास हवा. ‘जहागीरदार’ या एका शब्दाने तो प्रश्न उद्भवतच नाही.